क्लीन बूट

विंडोज संगणकावरील एखादा प्रोग्राम अधूनमधून, ठोस कारण न दिसता बंद पडत असेल, तर पार्श्वभूमीत चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामशी त्याचा संघर्ष आहे का, हे शोधण्याची पद्धत. अँटिव्हायरस, ओव्हरले, क्लिपबोर्ड सांभाळणारी साधने यांसारखे प्रोग्राम आपला कोड दुसऱ्याच्या प्रक्रियेत घुसवतात. दोष पाहुण्याचा, बदनामी यजमानाची. असा शिरकाव असलेल्या विंडोज संगणकांवर क्रोम कोसळण्याची शक्यता 15 टक्क्यांनी अधिक असते, असे गूगलने 2017 मध्ये सांगितले होते.

विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’ या साधनातील सेवा-यादीत आधी मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायच्या, मगच उरलेल्या बंद करायच्या. ही पायरी गाळल्यास प्रणालीच्या आवश्यक सेवाही बंद पडतात. आपोआप सुरू होणारे प्रोग्राम विंडोज 8 पासून टास्क मॅनेजरमधून बंद करता येतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर बिघाड थांबला, तर निम्म्या गोष्टी चालू करून पाहतात. बिघाड परतला तर दोषी त्या निम्म्यांत, नाहीतर उरलेल्यांत. 16 प्रोग्रामांतला एक दोषी अशा 4 फेऱ्यांत सापडतो.

हे गणित कागदावरचे. चार दिवसांतून एकदा येणाऱ्या बिघाडात प्रत्येक फेरीला आठवडाभर थांबावे लागते. शिवाय दोन प्रोग्राम एकत्र असतानाच गडबड होत असेल, तर निम्मे-निम्मे करणे फसते. विंडोजचा सेफ मोड क्लीन बूटहून वेगळा: त्यात बरेच ड्रायव्हरही बंद असतात.

जुन्या मॅकिंटॉशवर (सिस्टिम 7, 1991) अशाच शोधासाठी सुरू होताना शिफ्ट कळ दाबून सगळी एक्स्टेन्शन्स, म्हणजे प्रणालीसोबत सुरू होणारे जोड-प्रोग्राम, रोखता येत.