पोर्तुगालची तरुण पिढी आणि आफ्रिकेतील युद्ध

गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा १९ डिसेंबर १९६१ रोजी झालेला अस्त ज्ञातिबांधवांस ठाऊक आहेच. परंतु त्याच वर्षी अंगोलात पेटलेले त्या सत्तेचे युद्ध पुढे गिनी व मोझांबिक येथे पसरून १९७४ पर्यंत चालले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

सक्तीच्या लष्करी सेवेपायी विशीतील मुले लिस्बनच्या धक्क्यावरून बोटीने रवाना होत आणि सुमारे दोन वर्षे परमुलखातील रानांत काढीत. घराशी संबंध उरे तो केवळ पत्रांचा. ऐन उमेदीचा काळ बंदुकीच्या सोबतीत गेला. पोर्तुगालच्या सैन्यातील सुमारे नऊ हजार जण प्राणांस मुकले. आफ्रिकी जनतेची हानी तर याहून कितीतरी अधिक. ही सेवा टाळण्यासाठी हजारो तरुण चोरवाटांनी फ्रान्सला गेले.

गोव्यात मात्र निराळे घडले. शरणागती पत्करू नये, अशी सालाझारची आज्ञा असताही गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी व्यर्थ रक्तपात टाळला. तीन हजारांवर सैनिक बंदी झाले व १९६२ साली मायदेशी परतले. सेनापतींच्या वाट्यास बडतर्फी आली.

अखेर आफ्रिकेत पोळलेल्या तरुण कप्तानांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधील हुकूमशाही उलथून टाकली, आणि त्याच वर्षाअखेर पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

राज्यकर्त्यांच्या दुराग्रहाचे मोल कोणाच्या मुलांनी दिले, हेही इतिहास शिकविताना आपल्या मुलांस अवश्य सांगावे.