ऐंशी तासांचा आठवडा

आपल्या मंडळांत डॉक्टरांना तोटा नाही. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत येऊन ज्यांनी रेसिडेन्सी केली, अशा एखाद्या काकांना विचारून बघा, तेव्हा आठवड्याला किती तास काम असायचं? बहुधा उत्तर येईल, "मोजायचं कोण?"

हे न मोजणं तसं जुनंच. १८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथले सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी बसवलेल्या पद्धतीत शिकाऊ डॉक्टरने हॉस्पिटलातच राहायचं आणि रात्री-अपरात्री हाकेला हजर असायचं. 'रेसिडेंट' म्हणजे तिथेच राहणारा! खुद्द हाल्स्टेड आधी कोकेन आणि मग मॉर्फिनच्या आहारी गेले होते, हे जगाला कळलं फार उशिरा.

या थकव्याला नाव मिळालं १९७४ मध्ये. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर दिवसभर स्वतःचे पेशंट बघून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात राबत. तिथली उत्साही माणसं हळूहळू विझताना त्यांनी पाहिली, स्वतःचंही तेच झालं, आणि त्यांनी 'बर्नआउट'वर लेख लिहिला.

नाव मिळालं, पण तास काही कमी झाले नाहीत. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी ताप आला म्हणून न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. तिला बघणारे शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्युटीवर होते. वडील सिडनी झायन पत्रकार. त्यांनी प्रकरण लावून धरलं. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवले नाहीत, बोट ठेवलं ते प्रशिक्षणाच्या पद्धतीवर. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा घातली. ती देशभर लागू व्हायला २००३ उजाडलं. आणि गंमत बघा, ८० तास ही सवलत!

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरवर लोड वाढला की तो वाटून देतो, सर्व्हरला 'मन खंबीर ठेव' म्हणत नाही. माणसांना मात्र नेमकं तेच सांगतो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केली. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धुमाकुळात, न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी आत्महत्या केली. आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाने कायदा झाला २०२२ मध्ये. पुन्हा तेच. आधी जीव गेला, मग कायदा आला.

तेव्हा मंडळी, घरातली नर्स किंवा रेसिडेंट मुलगी या दिवाळीत फराळाला न येता नुसती झोपून राहिली, तर "आम्ही नाही का केलं?" असं म्हणण्याआधी हा इतिहास जरूर आठवा. आणि तिचं ताट झाकून ठेवा.