पुढचा खण : घर बांधण्याची तयारी आणि आपलं पनवेल

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, ही म्हण आपण बहुतेक वेळा खर्चाबद्दल बोलताना वापरतो. पण या दोनच गोष्टी एका वाक्यात का आल्या असतील? मुलाचं लग्न झालं की घरात एक खोली कमी पडते. म्हणजे घर बांधताना ज्यांची लग्नं अजून व्हायची आहेत, किंबहुना जे अजून जन्मालाही आलेले नाहीत, त्यांचाही विचार करावा लागतो. घर बांधण्याच्या तयारीचा इतिहास आज आपण या अंगाने पाहणार आहोत.

तयारीची सुरुवात जमिनीपासून. आश्वलायन गृह्यसूत्रात जागा पारखायची एक रीत दिली आहे. गुडघाभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर ती जागा सोडून द्यायची. दुसरी रीत पाण्याची. सूर्यास्तानंतर खड्डा पाण्याने भरून ठेवायचा आणि सकाळी बघायचा. भाषा शुभाशुभाची असली, तरी काम मातीच्या परीक्षेचं आहे.

तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने घराचंच उदाहरण घेऊन सांगितलं, की घराचा आकार आधी बांधणाऱ्याच्या मनात असतो आणि मग तो दगडविटांत उतरतो. हे खरंच आहे. पण हे घर एकदा मनात ठरलं, उभं राहिलं, की संपलं. आपल्याकडचं घर तसं संपत नसे. ते वाढत असे.

कसं वाढत असे, ते आपल्याच भाषेतल्या एका मापात आहे. चौरस फुटाच्या आधी घर खणांत मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. अमक्याचं घर तीन खणांचं, तमक्याचं पाच खणांचं. तयारी शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेली असायची. लाकूड आधीच तोडून सुकत ठेवायचं, भाताची झोडणी आटोपली की पाया खणायचा, जोतं घ्यायचं आणि मृगाच्या आत कौलं चढवायची. पुढे धाकट्याचं लग्न ठरलं, की पडवी बंद करून घ्यायची किंवा शेजारी एक खण वाढवायचा. त्यासाठी जागा मुळातच सोडलेली असे. आराखडा कागदावर नव्हता, पण आराखडा नव्हता असं मात्र नाही.

जे घराचं, तेच गावाचं. वस्ती वाढली की गावठाण पसरत असे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. तिच्या कलम 122 प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. म्हणजे गावालाही पुढचा खण असू शकतो, हे कायद्याला मान्य होतं.

आता 1970 साल. 17 मार्चला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसवायचं ठरलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ही कल्पना 1960 च्या दशकातच मांडली होती. विचार मोठा होता. मुंबईचा भार कमी करायचा, लाखो माणसांना राहण्याजोगं शहर द्यायचं. पण नकाशात झालं काय? गावांभोवतीची शेतं संपादनात गेली आणि गावठाणं जागच्या जागी राहिली. चहूबाजूंनी सरकारी जमीन, मध्ये गाव. बरं, गावातली लग्नं काही थांबली नाहीत. मुलं मोठी झाली आणि बापाने पूर्वीच्याच रीतीने शेजारी खण वाढवला. फरक इतकाच, की शेजारची जागा आता त्याची नव्हती. त्या घरांना आपल्याकडे एक नाव पडलं, 'गरजेपोटी बांधलेली घरं'. सरकारी कागदात तीच घरं अनधिकृत.

याच शहरात दुसरं उदाहरणही आहे. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज कोरियांनी 1980 च्या दशकात उभारलं. तिथे दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. सात-सात घरांच्या मध्ये अंगण, आणि प्रत्येक कुटुंबाला आपलं घर शेजाऱ्याला न दुखवता वाढवता यावं अशी मांडणी. पुढे लोकांनी घरं वाढवली, मूळची बरीचशी पाडून नवीही बांधली. म्हणजे वाढतं घर नियोजनात बसतच नाही, असं म्हणता येत नाही. बेलापूरला ते बसवलं गेलं. गावठाणांत ते बसवायचं राहून गेलं.

या राहून गेलेल्या गोष्टीची किंमत मोठी होती. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. आता तिचा हिशेब करून बघा. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. सार्वजनिक सुविधांसाठीची कपात वजा केली की हाती 8.75 टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे राहतात. त्यात चार भाऊ. प्रत्येकाला एक गुंठाही नाही. मग वारसनोंद, पात्रता, सोडत, भाडेपट्टा, आणि शेवटी विकासकाबरोबर त्रिपक्षीय करार. जी तयारी लाकूड आणि जोत्याची होती, ती अशी कागदांची झाली. साडेतीन गुंठ्यांवर इमारत उभी राहते, भावांना सदनिका मिळतात. पण सदनिकेला खण वाढवता येत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. गरजेपोटीच्या घरांच्या आडून केवळ भाड्यासाठी आणि विक्रीसाठीही इमले चढले. काही गल्ल्यांत अग्निशमनाची गाडी शिरत नाही. प्रत्येक बांधकाम गरजेचंच होतं, असं कोणी म्हणू नये. पण गरज आणि धंदा यांत फरक करायची वेळ घर बांधण्याआधीची असते. 2022 साली शासनाने अशी घरं नियमित करण्याचा निर्णय काढला, तोवर मधे अर्धं शतक गेलं होतं. इतक्या उशिरा हा फरक करायचा कसा?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. 2013 पासून पनवेल तालुक्यातली बरीच गावं 'नैना' क्षेत्रात आहेत. तिथल्या नगर रचना परियोजनांमध्ये 10 गुंठ्यांमागे 4 गुंठ्यांचा भूखंड परत देण्याची योजना आहे. टक्का वाढला, हे चांगलंच झालं. पण टक्केवारी जमिनीची भरपाई करते. घराच्या वाढीची तरतूद वेगळी करावी लागते. गावठाणाभोवती वीस वर्षांनी लागणारी जागा कुठली, हे त्या नकाशात आजच आखलं पाहिजे, आणि हरकती-सूचनांच्या मुदतीत ते मागायचं काम ग्रामस्थांचं आहे. घर बांधायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबानेही वास्तुविशारदाकडे जाण्याआधी, किती खोल्या हव्यात याच्या जोडीला आणखी एक प्रश्न घरात बसून सोडवावा. धाकट्याचं लग्न झालं, की पुढचा खण कुठल्या बाजूला? उत्तर 'वर' असेल, तर पाया आजच तेवढा भक्कम घ्यावा लागेल. उत्तर 'कुठेच नाही' असेल, तर तेही मुलांना आजच सांगितलेलं बरं.