वजन उतरविणारी औषधे : थोडा इतिहास, थोडी सावधगिरी

भगिनींनो, वजन कमी करण्याच्या इंजेक्शनाविषयी सध्या आपल्या मंडळात बरीच कुजबुज चालते. कुजबुज म्हणण्याचे कारण असे की, इंजेक्शन घेणारी बाई ते सहसा कुणाला सांगत नाही. आणि म्हणूनच त्याचा त्रास होऊ लागला तरी तोही सांगत नाही. या औषधांचा मागील नव्वद वर्षांचा इतिहास मी वाचला, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. त्रासाची खूण पुष्कळदा आधीच दिसलेली होती. ती वेळीच कुणी मनावर घेतली नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन वापरीत असत. ते हाताळणाऱ्या कामगारांचे वजन घटे, घाम सुटे, ताप चढे. काही कामगार दगावलेही. असे असूनही १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टेंटर व कटिंग या संशोधकांनी तेच रसायन लठ्ठपणावर वापरले. अन्नातील शक्ती शरीराच्या कामी न येता नुसत्या उष्णतेच्या रूपाने निघून जाई, म्हणून वजन उतरे. पाहता पाहता सुमारे एक लाख लोकांनी ते घेतले, असा टेंटर यांचाच अंदाज होता. १९३५ पासून ते घेणाऱ्या तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आढळू लागले, आणि काहीजण तर न उतरणाऱ्या तापाने गेले. अखेर १९३८ साली अमेरिकेत औषधांचा नवा कायदा झाला, तेव्हा त्यास आळा बसला.

पुढे भूक मारणाऱ्या गोळ्यांचे युग आले. १९६५ साली स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व पश्चिम जर्मनी येथे अमिनोरेक्स ही गोळी निघाली. दोन-तीन वर्षांतच ती घेणाऱ्यांना धाप लागू लागली. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढल्याचे आढळले. हा धडा ताजा असतानाही फेनफ्लुरामीन हे औषध अमेरिकेत आले आणि १९९० नंतर फेंटरमीनच्या जोडीने लाखो लोकांनी ते घेतले. १९९७ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपा बिघडलेल्या चोवीस रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्या चोवीसही स्त्रियाच होत्या! त्याच वर्षी सप्टेंबरात फेनफ्लुरामीन बाजारातून काढून घेण्यात आले. आपल्याकडे खपणारे सिब्युट्रामीनही हृदयविकार व पक्षाघाताच्या भीतीमुळे २०११ साली बंद झाले.

आताची इंजेक्शने या सर्वांहून निराळी आहेत. सेमाग्लुटाइड हे अमेरिकेत वजनासाठी २०२१ साली मान्य झाले व भारतात २०२५ साली त्या कामासाठी विक्रीस आले. जेवणानंतर आतड्यातून निघणाऱ्या एका द्रव्याची ते नक्कल करते. त्यामुळे भूक मंदावते आणि पोट हळूहळू रिकामे होते. हजारो लोकांवर त्याची रीतसर पारख झालेली आहे. मागच्या औषधांच्या मानाने ही मोठीच प्रगती होय. तथापि त्रास होतोच. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे नेहमीचे त्रास होत; ते बहुधा सुरुवातीस आणि मात्रा वाढविताना होतात.

म्हणून आठवड्याला पाव मिलिग्रॅमपासून आरंभ करून साधारण चार आठवड्यांनी मात्रा वाढवितात. लवकर गुण यावा म्हणून आपल्या मनाने ती वाढवू नये. मळमळ फार झाल्यास डॉक्टरांस सांगावे. ते जुनीच मात्रा आणखी काही दिवस चालू ठेवतात किंवा कमी करतात. थोडे थोडे खावे, पोट भरल्यासारखे वाटताच ताटावरून उठावे, तळलेले व तुपकट टाळावे. पाणी दिवसभर घोट घोट प्यावे. भूक नसली तरी डाळ, उसळ, दही, अंडी यांपैकी काही पोटात जाऊ द्यावे, आणि चालण्याबरोबर थोडे वजन उचलण्याचा व्यायामही करावा; नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मधुमेहाच्या इतर औषधांवर असणाऱ्या बाईने कडक उपवास डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नये, कारण साखर एकदम उतरते.

पोटात न थांबणारी तीव्र कळ येऊन ती पाठीत गेली, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस इंजेक्शनाची कल्पना द्यावी. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तर तेही औषध सुरू करण्यापूर्वीच सांगावे.

भगिनींनो, वजनासाठी औषध घेणे यात लाजण्यासारखे काही नाही. रक्तदाबाची गोळी आपण उघडपणे घेतो, तसेच हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावे, मैत्रिणीचे उरलेले घेऊ नये, आणि घरातल्या निदान एका माणसास ते सांगून ठेवावे, म्हणजे अडीनडीला डॉक्टरांस माहिती देण्यास कुणीतरी जवळ असेल.