शिवाजी पार्क : मैदानवापराची परवानगी

दादरच्या या मैदानावर सभा-समारंभ घ्यायचा तर मुंबई महानगरपालिकेच्या जी-उत्तर विभागाकडे अर्ज करावा लागतो. १९२५ मध्ये खुले झालेले हे मैदान मुळात खेळासाठी आहे आणि क्रिकेटच्या खेळपट्ट्या जपणे रास्तच होय. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवले. पुढे राज्य शासनाने खेळेतर कार्यक्रमांना वर्षाला ४५ दिवसांची मुभा दिली. २०२२ च्या दसरा मेळाव्यासाठी शिवसेनेच्या दोन्ही गटांचे अर्ज पालिकेने कायदा-सुव्यवस्थेचे कारण देऊन फेटाळले. २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने त्यास अधिकाराचा गैरवापर म्हटले व ठाकरे गटाला परवानगी दिली. मेळावा ५ ऑक्टोबरला तिथेच झाला.