उन्हाची ऊर्जा डीएनए किती वेळ धरून ठेवतो?

टॉनिक वॉटरची बाटली अतिनील दिव्याखाली धरली की निळी चमकते. त्यातलं क्विनाइन, म्हणजे आपलं मलेरियावरचं जुनं औषध, ही करामत करतं. (जिन घालायची गरज नाही, पेशंटनी विचारण्याआधीच सांगून टाकतो.)

१८४५ साली जॉन हर्शेल यांनी क्विनाइनच्या द्रावणातली ही निळी झाक नोंदवली. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला: पदार्थ डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतो आणि कमी ऊर्जेचा, दिसणारा प्रकाश परत टाकतो. या प्रकाराला त्यांनी फ्लोरेसन्स म्हटलं, मराठीत प्रतिदीप्ती. गिळणं आणि टाकणं यांत किती वेळ जातो, हे मात्र कुणालाच मोजता येईना. एडमंड बेकरेल यांनी फिरत्या चकत्यांचं यंत्र बनवलं, पण चमक त्याहून फारच चपळ निघाली. १९२६ मध्ये बर्लिनला काम करणारे अर्जेंटिनाचे एन्रिके गॅव्हिओला यांनी विजेवर उघडझाप करणाऱ्या प्रकाश-झडपा वापरून ती मोजली. उत्तर आलं काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश भाग.

१९६० मध्ये लेसर आला आणि काही वर्षांतच त्याचे झोत पिकोसेकंदाइतके आखूड झाले. एका सेकंदापुढे पिकोसेकंद म्हणजे साधारण ३१,७०० वर्षांपुढे एक सेकंद! पण झोत आखूड झाला म्हणून काय झालं, इतक्या वेगाने चालणारं घड्याळ आणायचं कुठून?

यावरची युक्ती मला फार आवडते. १९७५ मध्ये मार आणि हिर्श यांनी ती वापरून दाखवली. लेसरच्या एका झोताचे दोन भाग करायचे. एक भाग नमुन्यावर सोडायचा, म्हणजे नमुना चमकतो. दुसरा भाग आरशांवरून थोड्या लांबच्या वाटेने आणायचा. चमक आणि हा दुसरा झोत एका स्फटिकात एकाच क्षणी भेटले, तरच दोघांची ऊर्जा मिळून वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. तेवढाच मोजायचा. मग आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवायचा. जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर वाट वाढली, म्हणजे बरोबर एक पिकोसेकंद उशीर झाला. पुन्हा मोजायचं, पुन्हा सरकवायचं. वेळ मोजायचं काम असं मोजपट्टीवर आलं.

आता आपल्या त्वचेकडे वळू. डीएनएचे घटक अतिनील किरण सहज गिळतात, पण चमकत जवळजवळ नाहीतच. गिळलेल्या दहा हजार प्रकाशकणांपैकी जेमतेम एखादा परत येतो. मग बाकीची ऊर्जा जाते कुठे? २००० साली ओहायो स्टेट विद्यापीठात बर्न कोहलर आणि सहकाऱ्यांनी लेसरच्याच दुसऱ्या एका पद्धतीने, आणि पुढच्याच वर्षी पिऑन व झेवैल यांनी वरच्या स्फटिकाच्या युक्तीने हे तपासलं. डीएनएचे सुटे घटक ही ऊर्जा बहुतांशी एका पिकोसेकंदाच्या आतच उष्णता करून सोडून देतात. क्विनाइन तीच ऊर्जा सुमारे २० नॅनोसेकंद बाळगतं, म्हणजे वीस हजार पटींहून जास्त वेळ. गरम तवा हातात किती वेळ धरला यावर भाजणं ठरतं, तसाच हा हिशेब.

'म्हणजे डॉक्टर, ऊन आपोआप पचतं तर!' असं कुणी म्हणेल. तसं नाही. साखळीत गुंफलेल्या डीएनएत काही ऊर्जा जास्त वेळ रेंगाळते. शिवाय शेजारी-शेजारी आलेले दोन थायमिन कधी कधी एकमेकांना चिकटतात, आणि ही इजाही साधारण पिकोसेकंदभरातच होते, हे २००७ मध्ये लेसरनेच दाखवलं. अशा गाठी कापून काढायचं काम पेशीतली दुरुस्ती-यंत्रणा करते, आणि तिला त्यासाठी तासन्‌तास लागतात. झिरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक आजारात नेमकी ही दुरुस्तीच अपुरी असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. या मुलांना दिवसाउजेडी बाहेर पडताना अंगभर कपडे आणि अतिनील किरण अडवणारी जाळी तोंडावर घ्यावी लागते.