टेबलाखालची मुले

यंत्रांविषयी मत देण्यास आपल्याकडे कोणताच अधिकार लागत नाही. गाडी चुकली की रेल्वेला नावे ठेवावीत, रस्ता उखडला की इंजिनियरला आणि मुलगा परीक्षेत मागे पडला की मोबाईलवरच्या खेळाला, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीच्या चहाबरोबर अशी मते रोज वाटली जातात. त्यांतले एक तर निर्विवाद मानले जाते: संगणक हा कामासाठी असतो, त्यावर खेळणे म्हणजे त्याची विटंबना. मी स्वतः शिक्षक असल्याने या मताविरुद्ध बोलणे जरा अडचणीचे आहे. परंतु इतिहास चाळू लागले की काम आणि खेळ यांची घरे एकाच वाड्यात आढळतात. त्या वाड्याचीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत बोस्टन शहरासमोर, चार्ल्स नदीच्या पलीकडच्या काठावर, एमआयटी ही प्रख्यात तंत्रविद्या-संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ साली तेथे एक लाकडी इमारत घाईघाईने उभी केली गेली. युद्ध संपताच ती पाडावयाची असे ठरले होते. प्रत्यक्षात ती पडली १९९८ साली! वीस क्रमांकाच्या या दीर्घायुषी तात्पुरत्या इमारतीत विद्यार्थ्यांच्या एका मंडळाला खोली मिळाली होती. मंडळाचे नाव टेक मॉडेल रेल्वे क्लब, आणि काम काय, तर खेळण्यातली आगगाडी चालविणे.

दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा त्यांच्यात दोन पक्ष पडलेले आपण पाहतो. एक पक्ष मावळे मांडतो, अळीव पेरतो. दुसरा किल्ल्याच्या मागे चिखलात बसून सलाईनच्या नळीने कारंजे उडविण्याच्या खटपटीत असतो. या रेल्वे क्लबातही तसेच होते. काही मुले डबे रंगवीत, डोंगर आणि स्थानके सजवीत. बाकीची मुले त्या मोठ्या टेबलाखाली शिरून तारा जोडीत. कोणती गाडी कोणत्या रुळावर जावी, सिग्नल केव्हा पडावा, याची सारी व्यवस्था टेबलाखाली होती, आणि ती टेलिफोनच्या केंद्रात वापरतात त्या रिले आणि स्विचांनी बांधलेली होती. शहरभर माणसांचे बोलणे इकडून तिकडे पोहोचविणारे सामान येथे खेळातल्या गाड्यांना वाट दाखवीत होते. आज जगभर रूढ झालेला ‘हॅकर’ हा शब्द या मुलांच्याच बोलीतला. त्यांच्या तोंडी तो चोरासाठी नव्हता, हौसेने नामी युक्ती लढविणाऱ्यासाठी होता.

याच सुमारास संस्थेत संगणक आले. पैकी आयबीएम ७०४ हे थोरले यंत्र देवघरातल्या मूर्तीसारखे सोवळ्यात असे. विद्यार्थ्याने छिद्रे पाडलेली कार्डे पुजाऱ्याच्या, म्हणजे ऑपरेटरच्या, हाती द्यावीत आणि बऱ्याच वेळाने प्रसाद घ्यावा. १९५८ साली मात्र टीएक्स-० नावाचे दुसरे यंत्र आले. संरक्षणखात्याच्या पैशावर चालणाऱ्या लिंकन प्रयोगशाळेत ते तयार झाले होते आणि तेथली गरज सरल्यावर ते संस्थेला उसने मिळाले. याच्यासमोर माणूस स्वतः बसू शकत असे. रेल्वे क्लबाचे जुने सभासद जॅक डेनिस यांनी टेबलाखालच्या मुलांना तेथे प्रवेश मिळवून दिला. मग काय विचारता! कोणी यंत्र मोकळे केले की मुले हजर. रात्रीचा दिवस होऊ लागला.

१९६१ साली डिजिटल या नव्या कंपनीने आपले पीडीपी-१ हे यंत्र संस्थेला भेट दिले. किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर, आणि स्मृती अवघी ४,०९६ शब्दांची. आजच्या मोबाईलमधले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या दोन मित्रांनी ठरविले की या यंत्राचे सामर्थ्य दाखवायचे तर खेळच रचला पाहिजे. कल्पना त्यांना सुचली ती आकाशयानांच्या लढायांच्या चटकदार कादंबऱ्यांवरून. अशा कादंबऱ्यांना नाके मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी, असे एक कादंबरीकार म्हणून मला नम्रपणे सुचवावेसे वाटते! रसेल चालढकल करीत होता. गणिताचा एक भाग आपल्याजवळ नाही ही त्याची सबब. क्लबातल्या ॲलन कोटकने कंपनीत जाऊन तो भाग मिळविला आणि त्याच्यापुढे ठेवला. सबब संपली. १९६२ च्या आरंभी पडद्यावर दोन याने एकमेकांवर मारा करीत फिरू लागली. खेळाचे नाव ‘स्पेसवॉर’.

मग एकेकाने आपली भर घातली. पीटर सॅमसनने पार्श्वभूमीला आकाशातले खरे तारे आणले, डॅन एडवर्ड्‌सने मध्यावरच्या सूर्याला गुरुत्वाकर्षण दिले. यंत्राच्या खटक्यांवर खेळताना कोपरे दुखू लागली, तेव्हा रेल्वे क्लबातल्याच सामानातून हातात धरावयाच्या पेट्या तयार झाल्या. खेळावर मालकी कोणीच सांगितली नाही. जो मागेल त्याला प्रत मिळे. शेवटी नवे यंत्र नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी कंपनी स्वतःच हा खेळ वापरू लागली. खेळच कामाची कसोटी ठरला!

पुढे काय झाले? ‘स्पेसवॉर’वरून स्फूर्ती घेऊन १९७१ साली नाणे टाकून खेळावयाचे ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे यंत्र बाजारात आले आणि खेळांचा मोठा उद्योग सुरू झाला. कोटकने डिजिटल कंपनीत पीडीपी-६ आणि पीडीपी-१० या मोठ्या संगणकांचे आराखडे केले. सॅमसनने याच पीडीपी-६ च्या मदतीने न्यूयॉर्कच्या साऱ्या भुयारी रेल्वेतून कमीत कमी वेळात फिरण्याची योजना आखली. खेळण्यातल्या रुळांवर गाड्या सोडणारा मुलगा खऱ्या शहराच्या रुळांचे गणित मांडू लागला होता.

खेळणारे प्रत्येक पोर रसेल होते असे मी म्हणत नाही. तासन्‌तास दुसऱ्याने रचलेल्या खेळावर बोटे आपटणारी मुले माझ्याही वर्गात आहेत, आणि त्यांच्या पालकांची काळजी खोटी नाही. पण या मुलांत आणि टेबलाखालच्या मुलांत फरक आहे तो बुद्धीचा नव्हे. त्या मुलांना यंत्राचे पोट उघडून पाहण्याची मुभा होती. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली एक जुनाट इमारत, टेलिफोनचे सामान, उसने यंत्र आणि रात्री दार न लावणारे वडीलधारे, एवढे भांडवल त्यांना पुरले.

आमच्यासारख्या शाळांतून संगणकाची खोली असते. तिला कुलूप असते, कारण मुले आत जाऊन खेळतील. वर्षाअखेरीस तपासणी होते, तेव्हा सगळी यंत्रे शाबूत, कोरीकरकरीत सापडतात, आणि त्याबद्दल आपल्याला समाधान वाटते. त्याच वर्गातून आपण उद्याचे इंजिनियर मागतो. रस्ते, रेल्वे आणि संगणक यांविषयी नुसती मते देणारी माणसे हवी असतील, तर कुलूप उत्तम आहे. ती दुरुस्त करणारी हवी असतील, तर किल्ली कोणा एका धडपड्या मुलाच्या हाती द्यावी लागेल, आणि तो आत काय खेळतो आहे हे त्याच्या शेजारी बसून पाहावे लागेल.